लायसन गेलं ते वर्ष

ढाणकीला दवाखाना टाकून मला तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. एकोणीसशे साठच्या आसपासची. माझ्याकडे एक जुनी मोटार होती. डॉक्टरची गाडी म्हणून गावात तिला मान होता आणि खरं सांगायचं तर त्या मानाची मला चटक लागली होती. तिचा विमा संपून चार महिने झाले होते. यवतमाळला जाऊन नवा काढायचा म्हणत होतो. रोज काहीतरी निघायचं आणि राहून जायचं.

बाजाराच्या दिवशी दुपारी उमरखेडहून परतताना वळणावर म्हैस आडवी आली. मी गाडी एकदम वळवली आणि समोरून येणाऱ्या बंडीच्या चाकावर आदळलो. बंडी उलटली. बैल वाचले, पण हाकणारा माणूस खाली सापडला. जवळच्या तांड्यावरचा बंजारा शेतकरी, माझ्याच वयाचा. डाव्या पायाची नळी मोडली होती. बंडीच्या फळ्या बांधून मी तिथेच त्याचा पाय आवळला, त्याला सरकारी दवाखान्यात पोचवलं आणि तिथून स्वतःच पोलीस ठाण्यात गेलो.

जमादारांनी कागद मागितले. लायसन दिलं, गाडीचं पुस्तक दिलं.

"इम्याचा कागद?"

"संपलाय."

ते लिहिता लिहिता थांबले. "डॉक्टरसाहेब, धडक कोनाच्याही हातून होते. पन बिनइम्याची गाडी रस्त्यावर काढली, हा येगळा गुन्हा हाये. दंड होते, कैदही होऊ शकते."

त्या संध्याकाळी ओळखीचे एक व्यापारी घरी आले. म्हणाले, "मागच्या तारखेचा कागद करून देनारा मानूस हाये माह्या ओळखीचा. कंपनीच्या दप्तरात त्याची नोंद नसंल, पन कोर्टाले दाखवाले चालते."

मी नाही म्हणालो नाही. उद्या सांगतो म्हणालो. आणि तो उद्या दोन दिवस लांबवला.

तिसऱ्या दिवशी पाय मोडलेल्या त्या शेतकऱ्याला पाहायला सरकारी दवाखान्यात गेलो. तो गुंगीत होता. बायको खाटेपाशी जमिनीवर बसली होती. मला बघून पदर सावरत उभी राहिली.

"डॉक्टरसाब, तांड्यातले म्हंतेत, इमा असला की कंपनी पैसे देते. तुमचा हाये का?"

"नाही बाई," मी म्हणालो. "माझ्या आळसानं राहिला. जे द्यायचं ते मलाच द्यावं लागेल."

ती म्हणाली, "सांगितलं ते बरं केलं. नायीतं आमी कंपनीची वाट पाह्यत बसलो असतो."

खोट्या कागदानं मी सुटलो असतो आणि ही बाई कुठल्यातरी कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिली असती, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. परतताना वाटेतच व्यापाऱ्यांना नकार कळवला.

कोर्टात मी गुन्हा कबूल केला. न्यायाधीश वयस्कर होते, हळू बोलायचे. "तो कागद तुमच्यासाठी नसतो डॉक्टर," ते म्हणाले. "तुमच्या गाडीखाली येणाऱ्यासाठी असतो." कैद टळली. दंड झाला आणि वर्षभरासाठी लायसन गेलं. भरपाईसाठी मी मोटार विकली.

मग खेड्यांतले रोगी पायी पाहू लागलो. पंधरा दिवसांत पायाला फोड आले. एका सकाळी दारात बंडी उभी दिसली. कासरा त्याच बाईच्या हातात.

"घरवाला पाय घेऊन बसला, बैल काहून बसून राह्यतील?" ती म्हणाली. "तुमाले जायाचं असंल तं चाला. भाडं घेईन पन."

ती भाडं घ्यायची, अगदी ठरलेलं. आणि मोटारीनं मी कधी पोचलोच नसतो अशा ठिकाणी न्यायची. पैनगंगेकडच्या एका तांड्यावर एक बाळंतीण अडली होती. वाटेत नाल्याला कमरेइतकं पाणी. बाईनं बैलांना नावानं हाका मारत बंडी पलीकडे काढली. त्या घरच्या बायका मला आत घेईनात. ती त्यांच्याशी गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, काय बोलली कोण जाणे, पण त्या बाजूला झाल्या. ती माझ्याशेजारी बसून सगळं हाताखाली देत राहिली. आई वाचली, मुलगीही वाचली. परतताना तिनं मला पहिल्यांदा 'भिया' म्हटलं. भिया म्हणजे भाऊ. त्याही खेपेचं भाडं मात्र तिनं सोडलं नाही, याचं मला आजही हसू येतं.

सहा महिन्यांनी नवरा काठी टेकत आला आणि म्हणाला, "आता बंडी मी हाकतो."

"तू वावर पाह्य," ती म्हणाली. "डॉक्टरचं मी पाह्यते."

वर्षानं लायसन परत मिळालं. दुसरी मोटार घेतली, ती विमा काढूनच रस्त्यावर आणली. तरी नाल्यापलीकडच्या गावांना मी पुढे कितीतरी वर्षं तिच्याच बंडीनं गेलो. त्या दोघांनी मला माफ केलं का, हे विचारायचं धाडस कधी झालं नाही. थंडीत त्याचा पाय ठणकायचा, तेव्हा उमरखेडला मोठा दवाखाना असूनही तो माझ्याकडेच यायचा. जाताना माझ्या टेबलावर धोतराच्या सोग्यातल्या ओल्या भुईमुगाच्या शेंगा ठेवून जायचा.