बुटक्या गाडीखाली

२०१४ साली लग्न होऊन मी चिखल्याहून तलासरीला आले. नवऱ्याचं हायवेला लागून व्हील अलाइनमेंटचं दुकान होतं. माझं डी.एड. झालेलं, शाळेत शिकवायचं मनात होतं. भरती निघेल तेव्हा बघू, तोवर दुकानातल्या कॉम्प्युटरवर बस, असं घरात ठरलं. हे ‘तोवर’ किती वर्षं टिकणार आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

काम तसं सोपं होतं. चाकांना सेन्सर लावले की पडद्यावर आकडे यायचे. मी ते मोठ्याने वाचायचे आणि नवरा गाडीखालच्या खड्ड्यात उभा राहून पाना फिरवायचा. पण २०१८च्या पावसाळ्यात त्याची पाठ धरली. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं. माणूस ठेवून पाहिला, तो वापीला कारखान्यात लागला. मग नवरा पडद्यासमोर बसला आणि मी खाली उतरू लागले. काम मला लवकर जमलं. खड्डा मात्र कधीच आवडला नाही. दोन्ही कोपर एकदम पसरले तर भिंतींना लागायचे, आणि डोक्यावर कुणाची तरी गाडी असायची.

त्यात त्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हलायला लागली. आधी खोल कुठेतरी सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा, मग भांडी वाजायची. पाड्यांवर लोक घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली झोपत. आम्हीही झोपायचो. दिवसा मात्र दुकान उघडावंच लागायचं.

अशाच एका दुपारी घोलवडकडचा एक बागायतदार त्याची स्पोर्ट्स गाडी घेऊन आला. तिशीतला, हौशी माणूस. गाडी दोनच माणसांची, आणि त्याने स्प्रिंगा बदलून ती इतकी खाली घेतली होती की आमच्या उंबऱ्यावरून आणताना फळी टाकावी लागली.

“भाभी, टायर बघा ना,” तो मला म्हणाला. “बाहेरून नवा दिसतो.”

मी चाकामागे हात घातला. आतली कड गुळगुळीत झाली होती, एका ठिकाणी तारा बोटाला लागल्या.

“गाडी खाली केली की चाकं वरच्या बाजूने आत कलतात,” नवरा त्याला समजावू लागला. “शिवाय पुढची चाकं समोर बघायची सोडून बाहेर बघायला लागतात. मग टायर नुसता फिरत नाही, रस्त्यावर घासत जातो. थोडी वर घ्या.”

“वर नाही घ्यायची. लूकच जातो मग.”

“मग कलणं थोडं राहील. चाकं समोर बघतील एवढं करून देतो. झीज बरीच सारखी होईल.”

मी आधी खड्ड्यात उतरले, मग गाडी वर आली. आमचा खड्डा आखूड, बाहेर यायच्या पायऱ्या पुढच्या टोकाला. इतर गाड्यांच्या नाकाखालून सरपटत बाहेर येता यायचं. ही पुढे येत गेली तसा पायऱ्यांवरचा उजेड बारीक होत गेला आणि शेवटी एक पट्टी उरली. तिच्यातून तळहात गेला असता, डोकं नाही.

“झालं की गाडी मागे घेऊ,” नवरा म्हणाला. “घाबरू नकोस.”

“मी कुठे घाबरले?”

एवढ्या खालच्या गाडीत चालवणाऱ्याच्या वजनानेही आकडे बदलतात, म्हणून मालक आतच बसून होता. मागची चाकं झाली. पुढच्या चाकांना वळवणाऱ्या दांड्यांचे नट गंजले होते. ते घाम गाळून सैल केले आणि नवऱ्याचा पहिला आकडा ऐकायला थांबले, तेवढ्यात तो आवाज आला.

शटर खडखडलं. भिंतीवरचे पाने खाली पडले. “बाहेर! बाहेर!” कोण ओरडलं कळलं नाही. मालकाने ब्रेकवरचा पाय काढून उडी मारली असावी, कारण गाडी पुढे घरंगळली, पुढची चाकं ज्यांवर टेकवतात त्या फिरत्या प्लेटांवरून खाली उतरली आणि तिचं पोट काँक्रीटवर घासत बसलं. उजेडाची पट्टी गेली. दिवाही गेला. मग धावणाऱ्या पावलांचा आवाज. त्यातल्या एकाची पावलं मी ओळखत होते.

मी हाक मारली नाही. हाक मारली आणि कुणी आलं नाही तर काय, असं वाटलं असेल. तोंडात माती आली होती. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि वरच्या लोखंडाला हाताने धरून ठेवलं, जणू ते माझ्याने थांबणार होतं.

“अगं, आहेस ना?” नवऱ्याचा आवाज आला.

“कुठे जाणार?”

मागच्या चाकाशी थोडी फट राहिली होती, तिच्यातून तो बोलत होता. बाहेरून जॅक लावून पाहिला, तो आत शिरेना. मालक म्हणाला, “धक्का मारून मागे घेऊ या.”

“धक्का मारू नका!” मी खालून ओरडले. “नट सैल आहेत. चाकं कशीही वळतील.”

उचलायची तर ती खालूनच उचलावी लागणार होती. खड्ड्याच्या कडांवर आडवी टाकायची लोखंडी पट्टी कोपऱ्यात होती. मोबाइलच्या उजेडात ती बसवली, तिच्यावर जॅक ठेवला आणि दांडा मारू लागले. डोळ्यांत गंजाची भुकटी पडत होती. गाडी कुरकुरली, पण हलली. “अजून,” नवरा म्हणाला, “फळी जाईल एवढी.”

तेव्हा पुन्हा जमीन हलली. लहानसाच धक्का होता. मालकाची पावलं धावत लांब गेली. नवरा मात्र तिथेच पालथा पडून राहिला आणि त्याने फटीतून हात आत घातला.

“हात काढा. गाडी बसली तर हात जाईल.”

“राहू दे.”

मी तो हात धरला नाही. माझे दोन्ही हात दांड्यावर होते.

फळ्या चाकांखाली गेल्या. मी नट हातानेच आवळले, जॅक उतरवला. शेजारच्या टपरीवरची माणसं आली आणि सगळ्यांनी मिळून गाडी मागे ओढली. पायऱ्या चढून मी थेट रस्त्यापर्यंत चालत गेले आणि तिथल्या दगडावर बसले. कुणीतरी चहा आणून दिला.

मालकाला आता फक्त घरी जायचं होतं. “राहू द्या भाभी, मी हळूहळू नेईन.”

“अशी नेता येणार नाही,” मी म्हणाले. “काम अर्धवट आहे.” मग नवऱ्याकडे बघून म्हणाले, “मी खाली उतरणार नाही.”

“मी उतरतो,” तो म्हणाला.

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. वीज आल्यावर तो पाठीला पट्टा बांधून उतरला, गाडी पुन्हा वर आली, आणि मी पडद्यासमोर बसून आकडे वाचू लागले. “डावं अजून आत. अजून थोडं. बस.” वाचताना लक्षात आलं, माझी खुर्ची दाराकडे वळलेली होती आणि पाय चपलेत तयार होते. जमीन हलली असती तर मीही पळाले असते. हे कळल्यावर त्याच्यावरचा राग कमी झाला. गेला नाही.

त्यानंतर त्याने अंथरूण धरलं. त्याची पाठ जरा सुटल्यावर मी चिखल्याला माहेरी गेले. आईने परत कधी जाणार असं विचारलं नाही, त्यामुळे मलाच उत्तर शोधावं लागलं. जायला दुसरीकडे कुठे नव्हतं. भरती निघाली, तिच्यात माझं नाव लागलं नाही.

परत आले तर नवऱ्याने खड्डा मागच्या बाजूने फोडून लांब केला होता आणि तिकडूनही पायऱ्या केल्या होत्या. बागायतदार पावसाळ्यात टायर दाखवायला आला. आतली कड किंचित जास्त झिजली होती, बाकी सगळा टायर एकसारखा. तो खूश होता. दुकानात मात्र पाय ठेवेना, पेढे दारातूनच दिले.

मी पुन्हा खाली उतरू लागले, कारण दुसरं कोण उतरणार. एकच अट घातली. वर गाडी असताना त्याने दुकानाबाहेर जायचं नाही, चहालाही नाही. त्याने ती पाळली. आकडे सांगून झाले तरी तो वर उभा राहून काहीबाही बोलत राहायचा, झाईच्या बंदरावर आज कुठली मासळी आली, रस्त्यावर कुणाचा टेम्पो बंद पडलाय. मी खालून हूं म्हणत राहायचे.