आलीचं मडकं

आमच्या घराण्यात सूड म्हणजे भावकीच्या लग्नाला जाऊन न जेवता परत येणं. त्याच्यापुढे कुणाची मजल गेली नव्हती. माझी गेली, आणि अजून पस्तावलेलो नाही.

बहारीनमध्ये मी टिपर चालवायचो. गावाचं नाव आली. 'कोण आली?' हा माझा विनोद तिथे कुणालाच कळला नाही, तरी मी आठ वर्षं तो करत राहिलो. गावात हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांचे उंचवटे, बेवारस पडलेले. काहींच्या पोटात कुंभारांनी भट्ट्या कोरलेल्या. रस्त्यासाठी काही उंचवटे सपाट होत, त्यांची माती मी वाहायचो. धूळ एका म्हाताऱ्या कुंभाराच्या ओल्या मडक्यांवर बसायची. तो ओरडायचा, "इधर आदमी सोता है!" मी काच खाली करून म्हणायचो, "मिट्टी है बाबा, मिट्टी!" वर हॉर्न.

मग घरून, पोलादपूरहून फोन आला. आमची मुलगी गेली, अकरा दिवसांची. एवढ्या लहानग्यांना जाळत नाहीत, पुरतात. मी तिकडे, म्हणून माझ्या चुलतभावानं, दादानं, सामाईक टेकाडावर खड्डा खणला आणि वर दगड ठेवला. मी त्या म्हाताऱ्याच्या भट्टीपाशी जाऊन बसलो. उठताना त्यानं एक मडकं हातात दिलं. विमानात ते मांडीवर घेऊन आलो.

गेल्या उन्हाळ्यात दादाला घराच्या भरावाला मुरूम हवा होता. त्यानं त्याच टेकाडाला जेसीबी लावला. दगड कडेला ढकललेला. मी धावत गेलो, म्हणजे भरभर चाललो.

"दादा, हा खड्डा तूच खणलास ना?"

"मग? वीस वर्सं झाली. माती हाय रे, माती! बाजूला हो, पाय सापडंल."

माझंच वाक्य. त्यानं राग कमी व्हायला हवा होता, दुप्पट झाला. घरी जाऊन ते मडकं पाण्यानं भरलं, खांद्यावर घेतलं आणि चितेभोवती घालतात तशी जेसीबीभोवती उलटी फेरी सुरू केली. मडक्याला भोक पाडायला मागे माणूस लागतो, हे विसरलोच होतो. तेवढ्यात मागून ठक्! बायको. हातात अणकुचीदार खडा. पाण्याची धार थेट माझ्या शर्टात.

ऑपरेटरनं खाली उडी मारली. "काका, माझी मशीन जिती हाय वो!"

दुसरी फेरी. ठक्.

दादा पांढराफटक पडला. "ए बाबा, माझ्या नावानं तिसरी नको घालू! नेतो मशीन. आईशप्पत, आत्ता नेतो!"

मी थांबलो. मला तेवढंच हवं होतं, शिवाय शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. मागून बायको म्हणाली, "चला." ठक्.

चाललो. फेरी पुरी करून मडकं खांद्यावरून मागे सोडलं. वळून बघायचं नसतं, बघितलं नाही. आवाज मात्र कान भरून ऐकला.

टेकाड अर्धं उरलंय, तिच्या बाजूचं. दगड आम्ही दोघांनी परत बसवला. दादा तेव्हापासून बोलत नाही. औषधाच्या दुकानात मी अधूनमधून त्याच्या बीपीची चौकशी करतो. नॉर्मल आहे म्हणतात.

बायको म्हणते, "वाट बघू."