विहिरीवरचं इंजिन

उजाडतानाच हवा ओल्या गोणपाटासारखी अंगाला चिकटली होती आणि समुद्राकडचा वारा वाळू आणून ओतत होता. झबीदच्या रस्त्याकडेला, पत्र्याच्या आडोशाला फुतैनी मिस्त्री डिझेलच्या पाटीत बेअरिंगं धूत बसलेला. एका डोळ्यात फूल पडलेलं, दोन बायका सोडून गेलेल्या. जन्मात कमावलं होतं ते एकच. फुतैनी ‘होणार नाही’ म्हणाला की तिहामाच्या साऱ्या किनारपट्टीत ते काम कुणी दुसऱ्याकडे न्यायचं नाही.

सलामा आली, ट्रकवाल्या शूईची बहीण. तिचा नवरा सौदीत गेला तो तिकडचाच झाला. मागं दोन पोरी आणि अर्धा एकर मोगरा.

“मिस्त्रीभाऊ, आमच्या शूईच्या ट्रकचं इंजिन गेलं.”

“पाहिलं मी. ब्लॉकच फुटलाय.”

“तो माझ्या विहिरीवरचं काढून नेतो म्हणतोय. म्हणे, बापानं तुला विहीर दिली, इंजिन कुठं दिलं?”

ते इंजिन बापाच्या ट्रकचंच. ट्रक मोडीत गेल्यावर त्याला पट्टा लावून विहिरीवर बसवलेलं, तिथं चौदा वर्षं पंप ओढत होतं. शूईच्या ट्रकचीही जात तीच. होदैदाच्या बाजारात वापरलेलं इंजिन सहा लाख रियालला पडायचं, आणि शूईच्या खिशात होते नव्वद हजार.

“तुम्ही नुसतं होणार नाही म्हणा. पाणी थांबलं तर मोगरा महिनाभर जगायचा नाही.”

फुतैनीला खोटंही बोलावं लागणार नव्हतं. विहिरीचं खारं पाणी फिरवूनच ते इंजिन गार ठेवत. आत क्षाराची पुटं चढलेली असणार. “हज्जाच्या घाटात उकळेल, असं सांगतो. जा, पोरींना जेवायला घाल.”

दुपारी गालात गातच्या नशिल्या पाल्याचा बोकणा धरून शूई आला, सोबत चार दोस्त.

“बहिणीचं इंजिन आणू का?”

“क्षारानं चोंदलंय. होणार नाही.”

शूईचं तोंड पडलं. तो उठलाही. पण जाता जाता दोस्तांकडं वळला. “चला रे होदैदाला. तिथं एक मिसरूड न फुटलेला पोरगा असली इंजिनं धुऊन देतो म्हणतात. म्हाताऱ्याचा आधी डोळा गेला, आता हात गेला.”

“बाकीचं काय काय गेलंय ते त्याच्या बायकांना विचार!” एक दोस्त म्हणाला. चौघं खिंकाळले.

“थांब!” फुतैनी ओरडला. “मला होत नाही? तुझी बहीण सकाळी रडत आली होती, म्हणून बोललो. आण इंजिन. ॲसिडनं असं धुतो की घाटात तू चहा मागशील, इंजिन पाणी मागणार नाही!”

हसणं थांबलं. शूईनं पाला गालातल्या गालात फिरवला. “सलामा आली होती? बरं केलंस सांगितलंस. आता पंपही आणतो. तो विकून तुझ्या ॲसिडचा खर्च काढू.”

दुसऱ्या सकाळी फुतैनी विहिरीवर बोल्ट सोडत असताना सलामा धावत आली. “मिस्त्रीभाऊ, तुम्ही तर...” शूईनं तिच्या थोबाडीत दिली. तिची उन्हासाठीची गवताची टोपी उडून विहिरीत पडली. धाकटी पोरगी किंचाळायला लागली. फुतैनी पान्यावर वाकला. गंजलेला बोल्ट अवघड होता, आणि तो न तुटता निघाला याचा त्याला आनंद झाला.

तीन दिवस तो जेवण विसरून राबला. इंजिन ट्रकात बसलं, हज्जाचा घाट चढून आलं, तापलं नाही. चहाच्या टपऱ्यांवर माणसं सांगू लागली, फुतैनी होणार नाही म्हणाला तरी शेवटी फुतैनीच ते करतो.

दीड महिन्यानं सलामा डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन आली. काटक्या बारीक, वाळून खडंग झालेल्या.

“घेता का? पाचशेला मोळी.”

फुतैनीनं एक काटकी मोडून पाहिली. कसल्या झाडाची ते विचारलं नाही.

“चारशे.”

“चारशे तर चारशे. अर्ध्या एकरात अजून वीस निघतील.”

“आणत जा.”

तिनं मोळी चुलीपाशी उतरवली, पैसे ओढणीच्या टोकाला बांधले आणि उन्हात गेली. फुतैनीनं चहाचं आधण ठेवलं, दोन काटक्या चुलीत सारल्या आणि पाटी पुढं ओढून उरलेली बेअरिंगं धुवायला घेतली.