पिंडापुढची माफी

"म्हाताऱ्या, माफी माग तिची. त्याबिगर कावळा शिवायचा न्हाई."

बागेचा मालक बोलला. सगळ्या भावकीसमोर, सीना नदीच्या काठावर. माझ्या बायकोचा दहावा होता. पिंड ठेवून ऊन डोक्यावर आलं, कावळे बाभळीवरच. मालकानं गावभर सांगितलं होतं, नवराबायकोचं वाजलं आणि म्हातारी औषध प्याली. वाजलं कसलं. आमटी अळणी झाली एवढंच म्हणालो होतो. लग्न झाल्यापासून म्हणत आलो. ती म्हणायची, मग तुमीच करा की.

गर्दीतनं एक जण म्हणाला, कावळ्यालाबी अळणी लागलं असंल. माणसं तोंडाला टॉवेल लावून हसली.

ती प्याली नव्हती. त्या सकाळी मालकाच्या द्राक्षबागेत ट्रॅक्टरनं फवारा मारला. पानं ठिबकत होती. ती म्हणाली, दुपारनंतर जाऊ. मालक म्हणाला, वास गेला की झालं, घड काय तुमच्यासाठी थांबत्यात व्हय? बाया मांडवाखाली शिरल्या, हात वर करून घडातले दाटलेले मणी विरळायला. औषध कोपरावरनं काखेत उतरायचं. बाकीच्यांना उलट्या झाल्या. ही सरीतच बसली. लाळ गळायला लागली, डोळ्यांनी दिसंना.

दवाखान्यात मालकच बोलला, घरात भांडण झालं, प्याली. मी म्हणालो, प्याली नाही. डॉक्टर म्हणाले, बाबा, तुम्ही बाहेर थांबा. थांबलो. ती आतच गेली.

मी राहतो ती खोली मालकाची. पाणी त्याच्या बोअरचं. काठावर आलेल्या बाया त्याच्याच बागेतल्या, खाली बघत उभ्या. माफी मागितली तर खोली राहणार होती. आणि ती कायमची प्यालेली ठरणार होती.

मी पिंडापुढं हात जोडले.

"हां, बोल," मालक म्हणाला.

"तू प्याली न्हाईस," मी म्हणालो. "तुला ओल्या बागेत ह्यानं धाडलं. माफी ह्यानं मागावी."

कुणी हसलं नाही. कावळा शिवला का, ते मी बघितलं नाही.

संध्याकाळी माझं गाठोडं खोलीबाहेर पडलं. आता देवळाच्या ओट्यावर निजतो. जायला दुसरीकडं कुठं नाही.

परवा बागेत पुन्हा फवारा आहे. बाया जाणार, त्यांनाबी पोट आहे. मी बागेच्या तोंडाशी आडवा पडणार. मालकाला बाया आत न्यायच्या असतील तर माझ्या अंगावरनं न्याव्या लागतील.