एकोणिसावा अंक

कल्याणात त्या काळी असा एकही शहाणा माणूस नव्हता, ज्याचं सर्वांत आवडतं पुस्तक आमच्या तारमास्तरांना ठाऊक नव्हतं. वेडे म्हणाल तर गावात दोनच होते, आणि त्यांनाही विचारून झालं होतं. कुणाचं गोत्र काय, शेती किती, मुलीचं कुठं जमतंय, असल्या चौकशांत तारमास्तरांना काडीचा रस नव्हता. आगगाडीच्या स्टेशनात तारा घेण्यादेण्यात उभी हयात गेली, तेव्हा लोकांच्या घरची जन्ममरणं त्यांनी घरच्यांच्या आधी ऐकलेली. त्यामुळे पेन्शन घेतल्यावर त्यांनी जगाला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं असावं. रोज दुपार कलली की ते वाचनालयाच्या ओट्यावरच्या बाकावर येऊन बसत. डोक्याला पगडी, काखेत छत्री, मांडीवर जाडजूड वही. समोरून माणूस गेला की छत्री आडवी करून त्याला थांबवत आणि विचारत, "तुमचं सर्वांत आवडतं पुस्तक कोणतं?"

मी गावातल्या शाळेत नुकता बदलून आलो होतो. पहिल्याच आठवड्यात ती छत्री माझ्याही आडवी आली. आपण मास्तर, गावात नवे, तेव्हा वजन पडावं म्हणून मी एका भल्या थोरल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाचं नाव ठोकून दिलं. तारमास्तरांनी ते वहीत लिहिलं नाही. टाक तसाच हवेत धरून त्यांनी मला विचारलं, "त्यातलं कोणतं पान वाचताना तुमचं जेवण थंड झालं?" मग कबूल करावं लागलं, की जेवण थंड झालं होतं ते एका राक्षसाच्या आणि राजकन्येच्या गोष्टीपायी, आणि तेसुद्धा परीक्षेच्या आदल्या दिवशी. ते ऐकून त्यांचा चेहरा असा खुलला, की गावात आल्यापासून कुणाला माझ्याविषयी इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. राक्षसाला किती डोकी, राजकन्या कोणत्या मजल्यावर कोंडलेली, सगळं विचारून घेतलं आणि मगच मला घरी जाऊ दिलं.

जेवण थंड झालं की नाही, ही त्यांची कसोटी होती आणि तिच्यापुढं भलेभले उघडे पडत. देवाधर्माचे ग्रंथ ते मुळात धरतच नसत, कारण ती नावं माणसं भीतीनं घेतात असं त्यांचं म्हणणं. एक निवृत्त मामलेदार वाचनालयाचे आधारस्तंभ होते. त्यांनी चारचौघांत कायद्याच्या पुस्तकाचं नाव सांगितलं. तारमास्तरांनी टाक उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी मामलेदार काळ्या तलावावर फिरताना तारमास्तरांना मुद्दाम गाठून हळूच सांगून गेले, की लहानपणी माजघरात लपून वाचलेली एक चेटकिणीची कथा अजून त्यांच्या स्वप्नात येते. वहीत चेटकीण चढली. खाडीवरच्या एका कोळणीलाही त्यांनी सोडलं नाही. ती पाटी खाली ठेवून म्हणाली, "मना वाचाया नाय येत, पन भटाचा पंचांग बरा. त्यान उधान कवा येतंय तां समजतंय." हे उत्तर त्यांना मामलेदारांच्या उत्तरापेक्षा सरस वाटलं. पंचांग चुकलं म्हणून ज्या बाईची होडी अडते तिचंच पुस्तकावर खरं प्रेम, असं ते मला आठवडाभर पटवत होते.

समोरचा बोलू लागला की तारमास्तरांचं बोट बाकावर टकटकत असे. हयातभराची सवय, ऐकलेला शब्द बोटातून पुढं रवाना झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पुस्तकाचं सारही ते तारेच्याच भाषेत लिहीत. चारशे पानांची कादंबरी त्यांच्या वहीत अशी उतरे: 'नायक परदेशी. नायिका घरी. मामा लबाड. शेवट गोड.' कुणी फार पाल्हाळ लावला तर ते मध्येच "पोचलं, पोचलं" म्हणत. निरोप मिळाल्याची ही त्यांची पावती. हे "पोचलं" ते बाजारात, देवळात, पंगतीत, कुठंही म्हणत. वाढप्यानं भात वाढला तरी पोचलं.

एकदा मात्र ह्या प्रश्नानं त्यांना गोत्यात आणलं. ओळखीतल्या एका गृहस्थांनी मुलीसाठी मुलगा बघायला जाताना वडीलधारे म्हणून त्यांना बरोबर नेलं. मुलगा कलेक्टर कचेरीत, देखणा, घरचं बरं. सगळं जुळत आलं असताना तारमास्तरांनी आपला प्रश्न टाकला. आवडतं असं काही नाही, मुलगा म्हणाला. परतीच्या वाटेवर तारमास्तर मुलीच्या बापाला म्हणाले, की मुलगा चांगलाच आहे, पण संध्याकाळी दिवा लावल्यावर तुमची मुलगी ह्याच्याशी बोलणार काय? बाप त्या विचारानं इतका घोळात पडला की लग्न एक हंगाम पुढं गेलं. अखेर ते झालं ते त्याच मुलाशी. मधल्या काळात त्यानं घाईघाईनं तीन पुस्तकं वाचून काढली होती आणि एकाची नोंद करवून घ्यायला तो ठाण्याहून मुद्दाम आला होता.

पण त्यांच्या सगळ्या तऱ्हांत मला कोड्यात टाकणारी तऱ्हा निराळीच होती. वाण्याकडून आलेली प्रत्येक पुडी ते उलगडत, हातानं सपाट करत आणि वाचत. एकदा हिंगाच्या पुड्यांचे कागद त्यांना ओळखीच्या टाइपातले वाटले, तेव्हा त्यांनी त्या वाण्याकडच्या होत्या नव्हत्या तेवढ्या हिंगाच्या पुड्या घरी आणल्या. कागद निघाले एका जुन्या जाहिरातींच्या पुस्तिकेचे. पुढं कित्येक महिने त्यांच्या घरावरून जाताना आत आमटी उकळते आहे असं वाटे. मी थट्टेनं विचारलं, की काय शोधता एवढं? ते उठले, छत्री काखेत मारली आणि मला आपल्या घरी घेऊन गेले.

घरी ते आणि त्यांची धाकटी बहीण, दोघंच. बहिणीला सारे आक्का म्हणत. नवव्या वर्षी लग्न झालेलं, अकराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेलं. तेव्हापासून लाल आलवणातल्या आक्का ह्या घराच्या उंबऱ्याबाहेर देवळापुरत्याच पडलेल्या. तारमास्तरांनी फडताळातून जाड दोऱ्यानं स्वतः शिवलेलं एक बाड काढलं. पूर्वी दरमहा टपालानं येणाऱ्या एका मासिकातली गोष्ट होती ती. अठरा अंकांतली पानं सोडवून एकत्र केलेली. लेखकाचं नाव नाही, नुसतं 'एक गृहस्थ'. अंक आला की त्या संध्याकाळी तारमास्तर तो मोठ्यानं वाचत आणि आक्का आतल्या दारापाशी बसून ऐकत. गोष्ट एका खाडीकाठच्या बाईची. नवरा गलबतावर गेलेला, वर्षानुवर्षं पत्ता नाही, आणि ती रोज बंदरावर येऊन उभी राहते. अठराव्या अंकाच्या शेवटच्या ओळीत तिला लांबवर एक होडी दिसते. खाली छापलं होतं, 'पुढे चालू'.

एकोणिसावा अंक आलाच नाही. मासिक बंद पडलं; छापलेलं एखादं पान निदान पुडीतून निघेल, ही त्यांची आशा. "होडीत तिचा नवरा आहे, यात मला शंका नाही," तारमास्तर म्हणाले, "पण मास्तर, पक्की खबर हवी हो. तार अर्धी आली तर ती माणसाला द्यायची कशी?" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस गावाला आवडतं पुस्तक विचारत सुटला होता तो एवढ्याचसाठी, की एक ना एक दिवस कुणीतरी ह्या गोष्टीचं नाव घेईल, आणि त्याला शेवट ठाऊक असेल. आतल्या दारामागे बांगड्या नसलेला एक हात कडीवर टेकलेला मला दिसला. आक्का ऐकत होत्या. तारमास्तर म्हणाले, की रोज घरी पाऊल टाकलं की ती विचारते, आज कोणी भेटलं का रे?

मला परीक्षांच्या कागदांसाठी ठाण्याला जावं लागे. तिथल्या छापखान्यांत चौकशी करीन, असा मी शब्द दिला. तिसऱ्या खेपेला एका छापखान्यात खिळे जुळवणारे एक म्हातारे कारागीर भेटले. ते मासिक त्यांनीच जुळवलेलं. लेखक महिन्याच्या महिन्याला मजकूर आणून देई, ते म्हणाले. एकोणिसाव्या महिन्यात तो पटकीनं गेला. पुढचं त्यानं लिहिलंच नव्हतं. शेवट हरवलेला नव्हता, मुळात नव्हताच.

परतताना सबंध वाटभर हे कसं सांगावं तेच मला कळेना. त्यांच्या घरी गेलो तर तारमास्तर वाचनालयात गेलेले. दाराआडून आक्कांनी विचारलं, तेव्हा माझ्याच्यानं खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. मग त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "शेवट मला ठाऊक आहे. होडी दुसऱ्याच कुणाची होती. पण ती तीत बसून निघून गेली."

हे कधी ठरलं, म्हणून मी विचारलं. अठरावा अंक संपला त्याच संध्याकाळी, त्या म्हणाल्या. मग दादांना का सांगितलं नाही? तर म्हणाल्या, "शेवट कळला तर तो विचारायचा थांबेल. मग चेटकीण, राक्षस, पंचांग, हे मला घरी कोण आणून देईल? तुम्हीही त्याला काही सांगू नका." मी मान डोलावली. गावातल्या प्रत्येकाच्या आवडत्या पुस्तकाची खबर त्या दारामागे इतकी वर्षं पोचत होती आणि त्या दाराला मात्र तुमचं कोणतं, म्हणून आम्ही कुणी विचारलं नव्हतं. मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली.

पुढं कितीक वर्षं मी तारमास्तरांना, चौकशी चालू आहे, एवढंच सांगत राहिलो. ते दर वेळी "पोचलं" म्हणत आणि वहीकडे वळत. मग ते अंथरुणाला खिळले. वैद्यांनी हात टेकल्यावर मला बोलावणं आलं. दुपारची वेळ होती. आक्का पहिल्यांदाच माझ्यासमोर दाराच्या अलीकडे, भावाच्या खाटेपाशी बसल्या होत्या. तारमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या कष्टानं विचारलं, "मास्तर, खबर आली का?"

सांगायचं तर काय सांगायचं? मी आक्कांकडे पाहिलं. त्या भावाच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "आली, दादा. होडीत तिचा नवराच होता."

तारमास्तरांचं बोट खाटेच्या कडेवर हलू लागलं. शब्द न् शब्द त्यांनी पुढं धाडला, आणि शेवटचा पोचल्यावर ते हसून म्हणाले, "पोचलं." त्यानंतर ते बोलले नाहीत. आक्कांनी स्वतःचा शेवट बाजूला ठेवून त्यांना त्यांचा दिला, याइतकी मोठी गोष्ट मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

अठरा अंकांचं ते बाड आक्कांनी मला दिलं. वही मात्र स्वतःकडे ठेवली. अक्षरओळख नाही, पण कोणत्या पानावर कोण आहे हे त्या बोट ठेवून सांगतात. आता माझी बदली ठाण्याला झाली आहे. तरी महिन्यातून एका रविवारी मी कल्याणला जातो, आणि मी पायातला जोडा काढतो न काढतो तोच त्या विचारतात, कोणी भेटलं का? तेव्हा जाण्याआधी मला चार माणसांना गाठावं लागतं. शाळेतले लोक मला हल्ली टाळू लागले आहेत, आणि परवा तर मी एकाच्या आडवी छत्री धरली असं माझी बायको सांगते. म्हणून वाचकहो, तुम्हालाच विचारतो. तुमचं सर्वांत आवडतं पुस्तक कोणतं? आणि जेवण थंड झालं होतं का, तेही खरं सांगा. येत्या रविवारी मला कल्याणला जायचं आहे.