बंदिश कोणाची

माझी मावशी गायिका होती आणि कॉलेजात संगीत शिकवायची. लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. दिवसभर खालून वाफ आणि साबणाचा वास यायचा. इस्त्रीवाल्याला तिच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींच्या ताना पाठ झाल्या होत्या. कोणी चुकली की तो खालून खाकरायचा.

विशी-तिशीत तिने फार खस्ता खाल्ल्या. पहाटे गुरुजींकडे, दिवसा नोकरी, संध्याकाळी पुन्हा गुरुजींकडे. मैफलीत गुरुजींचा मुलगा पुढे बसायचा आणि ही मागे तंबोरा घेऊन. तो अडला की ही मागून स्वर भरायची, टाळ्या त्याला पडायच्या. माझी आई चिडायची. "राबायचं तू आणि मिरवायचं त्यानं?"

"शिकायला मिळतंय ना, ताई," मावशी म्हणायची.

गुरुजींच्या घराण्याची शान म्हणजे सकाळच्या रागातली एक बंदिश. ती त्या मुलाच्या पणजोबांनी, म्हणजे गुरुजींच्या आजोबांनी रचली असं प्रत्येक मैफलीत सांगितलं जाई. अंतऱ्यात रचनाकार म्हणून त्यांचं नावही गुंफलेलं होतं. फक्त त्या नावापाशी एक अक्षर ओढूनताणून बसवावं लागे, आणि मुलगा नेमका तिथेच ठेचकाळायचा.

चाळिशीत मावशीने जुन्या बंदिशींवर पीएचडी करायला घेतली. कोणाकोणाच्या घरी जाऊन ती झिजलेल्या रेकॉर्डी ऐकत बसायची. अशाच एका रेकॉर्डीवर तीच बंदिश निघाली. गाणारी कोणी विस्मरणात गेलेली बाई होती. अंतऱ्यात नाव पणजोबांचं नव्हतं, त्या बाईचं होतं. आणि ते अक्षर न अक्षर तालात बसत होतं. मग एका म्हाताऱ्या पेटीवाल्याने सांगितलं, "अहो, पणजोबा शिकले कोणाकडे? या बाईंकडेच."

मावशी कितीतरी दिवस ते मनात घेऊन फिरली. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? शेवटी ती गुरुजींकडे गेली. ते अंथरुणाला खिळले होते. तिने सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. माझ्याच्यानं कधी बाहेर सांगवलं नाही."

"मग मी काय करू?"

"तू लिही. मी असेपर्यंत थांबलीस तर बरं."

ती थांबली. गुरुजी गेल्यावर प्रबंध छापला. मुलगा तिच्या दारात आला. "आमच्याच घरी शिकलीस आणि आमच्याच नावाला काळं फासलंस?"

"गुरुजींना विचारून लिहिलंय, दादा."

"आता ते सांगायला येणार आहेत का?"

पुढे तिला मैफलींची बोलावणी येईनाशी झाली. कोणी उघड नकार देत नसे, अळीमिळी गुपचिळी. रियाज तिने सोडला नाही, पण ऐकायला इस्त्रीवाल्याशिवाय कोणी उरलं नाही. विद्वानांनी प्रबंधाचं कौतुक केलं. "कौतुकानं गळा तापत नाही गं," ती मला म्हणाली. निवृत्त झाली तेव्हा वरचा षड्ज धड लागत नव्हता.

दादा पुन्हा आला तेव्हा दोघंही म्हातारी झाली होती. जिना चढून त्याला धाप लागली होती. मी पाणी दिलं. तो म्हणाला, "पोरीला ती बंदिश शिकवायचीय. अंतरा माझ्याच गळ्यात कधी नीट बसला नाही, तिला काय शिकवू? तू शिकव."

"कोणत्या नावानं?"

त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "बसतं त्या नावानं."

मला वाटलं, ती आता चार शब्द सुनावेल. इतकी वर्षं साठलेलं काहीतरी बाहेर पडेल. ती नुसती म्हणाली, "आठवड्यातून एकदा पाठव. जास्त झेपत नाही मला."

पोरगी येऊ लागली. मावशी लोडाला टेकून, डोळे मिटून शिकवायची. मध्येच थांबायची, श्वास घ्यायची, मग पुढची ओळ. वर्षभराने पोरीने ती बंदिश मैफलीत गायली. आधी त्या बाईचं नाव सांगितलं आणि कोणाकडून शिकले तेही सांगितलं. दादा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

मावशी मैफलीला गेली नव्हती. मी घरी येऊन सगळं सांगितलं.

"अंतरा घाईत नाही ना घेतला?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.