सायकलची पीयूसी

पृथ्वी तापायला आमचं घर जबाबदार आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे ही बातमी बजाजनगरला आमच्या घरी पोचवणंही माझ्याकडंच आलं.

"आपली कार्बनची पाऊलखूण फार मोठी आहे," मी जेवताना चाचरत सांगितलं.

"हे मी लग्नापासून सांगते," आई म्हणाली आणि तिनं दारापासून मोरीपर्यंत उमटलेली अप्पांची काळी पावलं दाखवली. (अप्पांच्या कंपनीत रबरात काजळी मिसळतात. त्यातली थोडी रोज आमच्या फरशीवर येते.)

मी म्हटलं, ही नव्हे, मोटारसायकलच्या धुराची. अप्पांनी वाद घातला नाही. ते पर्मनंट व्हायच्या बेतात होते, एकही लेट मार्क परवडणारा नव्हता; पण पोरगी शिकलेली! दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची सायकल मागून ते लवकरच निघाले.

कंपनीत नेमका हरित सप्ताह. पीयूसीशिवाय एकही वाहन आत सोडायचं नाही, असा हुकूम. वॉचमननं सायकल अडवली. ही धूरच सोडत नाही, असं अप्पांनी सांगितलं. तसा कागद आणा, तो म्हणाला. सायकल बाहेर लावावी तर चोरीची भीती. अप्पांनी आतल्या, धूर सोडणाऱ्या चिमणीकडं बोट केलं. "मग तिची पीयूसी?"

"चिमणी काय गेटातून ये-जा करती व्हय?"

अप्पांनी मला फोन लावला. "सायकलची पीयूसी निघती का बघ. लवकर."

मी धावतच पीयूसी केंद्रावर गेले. रिक्षांची रांग होती, मीही रांगेत उभी राहिले. पुढच्या रिक्षावाल्यानं विचारलं, गाडी कुठंय? मी म्हटलं, सायकल आहे, कंपनीच्या गेटवर आहे. तो रिक्षातून खाली उतरला.

"कॉलेजात हैस का?"

मी हो म्हटलं.

तिकडं मोठे साहेब आले. अवाढव्य गाडी, टपावर नवी सायकल. सलाम झाला, गेट उघडलं. सायकलवरून आत शिरतानाच्या फोटोसाठी ती उतरवली तर चाकात हवाच नाही. साहेबांनी अप्पांची मागितली. तिला पीयूसी नाही, अप्पा म्हणाले.

"फोटोत पीयूसी दिसत नाही," साहेब म्हणाले.

साहेबांना तोल जमेना, म्हणून कॅरिअर धरून अप्पाही आत गेले. भोंगा व्हायच्या आत हजेरी लागली. मग त्यांचा फोन आला. "पोचलो आत. तू कुठं हैस?"

"थांबा अप्पा," मी म्हटलं, "माझ्यापुढं आता दोनच रिक्षा राहिल्यात."